मांजलपूरची पुस्तकं रावपुऱ्यात का दिसतात: जावातलं सिरियलायझेशन आणि इनहेरिटन्स

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका वाचनालयासाठी जावात प्रणाली लिहिली आहे. ‘वस्तू’ हा पॅरेंट क्लास. त्यात दाखलक्रमांक आणि शाखा ही दोन फील्ड्स आहेत, आणि त्याचा पॅरामीटर नसलेला कन्स्ट्रक्टर (नवा ऑब्जेक्ट बनताना चालणारा कोड) शाखेत ‘रावपुरा’ भरून ठेवतो. ‘पुस्तक’ हा त्याचा चाइल्ड. त्यात शीर्षक, लेखक आणि किंमत. सिरियलायझेबल इंटरफेस, म्हणजे ‘या क्लासचे ऑब्जेक्ट बाइटच्या रूपात फायलीत लिहून परत वाचता येतील’ अशी खूण, फक्त ‘पुस्तक’वर लावलाय, आणि सिरियलव्हर्जनयूआयडी, म्हणजे क्लासच्या आवृत्तीचा ओळख-क्रमांक, १ दिलाय. रोज रात्री सगळी यादी फायलीत लिहिली जाते. सकाळी ती वाचली की शीर्षक, लेखक, किंमत बरोबर असतात; दाखलक्रमांक मात्र सगळ्यांचा शून्य, आणि शाखा सगळ्यांची रावपुरा, मांजलपूर शाखेच्या पुस्तकांचीसुद्धा. एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याची सूचना, एकही नाही.

त्यावर उपाय म्हणून तुम्ही ‘वस्तू’लाही सिरियलायझेबल केलंत, आणि ‘नियतकालिक’ या दुसऱ्या चाइल्डलाही लागतं म्हणून शीर्षक वर ‘वस्तू’त नेलंत. नव्या फायली ठीक चालल्या. जुन्या फायली वाचल्यावर शीर्षकही नल (म्हणजे रिकामं) आणि शाखाही नल. पुन्हा एक्सेप्शन नाही.

दोन्ही वेळा जावाने नियमाप्रमाणेच काम केलंय. नियम कुठे चुकीचा समजला जातो ते आधी सांगतो, दुरुस्ती नंतर.

इनहेरिटन्स शिकताना आपण असं धरून चालतो की ‘पुस्तक’ ऑब्जेक्ट म्हणजे एकच वस्तू, तिच्यात वरून आलेली फील्ड्स आणि स्वतःची फील्ड्स एकत्र. मेमरीत ते खरंही आहे. सिरियलायझेशन मात्र ऑब्जेक्टकडे असं एकसंध बघत नाही. ते क्लासांच्या उतरंडीतल्या प्रत्येक पायरीला वेगळं विचारतं: तू सिरियलायझेबल आहेस का? असशील तर फक्त तुझ्या क्लासमध्ये जाहीर केलेली फील्ड्स दे. नसशील तर तुझं काहीच लिहिणार नाही. चाइल्डने सिरियलायझेबल लावलं म्हणून पॅरेंटची फील्ड्स आपोआप सोबत जात नाहीत. ज्याची त्याची शिदोरी. उलट दिशेने मात्र वारसा चालतो: पॅरेंट सिरियलायझेबल असेल तर सगळे चाइल्ड आपोआप सिरियलायझेबल होतात, त्यांना आवडो न आवडो.

आता रावपुऱ्याचं कोडं. फाईल वाचताना जावाला ‘पुस्तक’चा रिकामा ऑब्जेक्ट बनवावा लागतो. त्यासाठी तो ‘पुस्तक’चा कन्स्ट्रक्टर चालवतच नाही. खालून वर चढत जातो, सिरियलायझेबल नसलेला पहिला पूर्वज शोधतो, आणि त्याचा पॅरामीटर नसलेला कन्स्ट्रक्टर चालवतो. तुमच्या पहिल्या रचनेत तो पूर्वज म्हणजे ‘वस्तू’. तो कन्स्ट्रक्टर चालला, त्याने शाखेत ‘रावपुरा’ भरलं, दाखलक्रमांक शून्यच राहिला. मग फायलीतून ‘पुस्तक’ची तीन फील्ड्स आली आणि वाचन संपलं. मांजलपूर फायलीत कधी गेलंच नव्हतं.

अशा चुकांमध्ये ही सगळ्यात वाईट जात. नल दिसला की माणूस लगेच शोधाशोध करतो. बरोबर दिसणारी चुकीची किंमत (फील्डमधली व्हॅल्यू, पुस्तकाचा भाव नव्हे) मात्र महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही. रावपुरा शाखेत बसून तपासणाऱ्याला तर सगळं ठीकच वाटणार. म्हणून सिरियलायझेबल नसलेल्या पॅरेंटच्या कन्स्ट्रक्टरमध्ये खरी वाटेल अशी डिफॉल्ट किंमत भरू नये, हे माझं ठाम मत आहे.

उतरंड लांब असली तरी नियम तोच. समजा ‘नोंद’, तिच्याखाली ‘वस्तू’, तिच्याखाली ‘पुस्तक’, त्याच्याखाली ‘संदर्भग्रंथ’ असे चार क्लास आहेत आणि सिरियलायझेबल ‘पुस्तक’पासून सुरू होतं. ‘संदर्भग्रंथ’ वाचताना ‘वस्तू’चा कन्स्ट्रक्टर चालेल, आणि तो नेहमीसारखा ‘नोंद’चाही चालवेल. ‘पुस्तक’ आणि ‘संदर्भग्रंथ’ यांचे कन्स्ट्रक्टर, त्यांच्या फील्डसमोर बरोबरच्या चिन्हापुढे लिहिलेल्या सुरुवातीच्या किंमती, इनिशियलायझर ब्लॉक, यातलं काहीही चालणार नाही. खात्री करायची तर चारही कन्स्ट्रक्टरमध्ये एकेक प्रिंट टाकून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. ट्रान्झियंट, म्हणजे फायलीत लिहू नये अशी खूण केलेलं, फील्ड वाचल्यावर नल का येतं, तिथे तर नवीन अ‍ॅरेलिस्ट लिहिली होती, हा नेहमीचा प्रश्नही इथेच सुटतो. ती ओळ चाललेलीच नसते.

त्या पहिल्या पूर्वजाकडे पॅरामीटर नसलेला कन्स्ट्रक्टर नसेल तर? कंपायलर काही बोलत नाही. फाईल लिहितानाही काही होत नाही. वाचताना मात्र इनव्हॅलिडक्लासएक्सेप्शन येतं, संदेश असतो ‘नो व्हॅलिड कन्स्ट्रक्टर’. म्हणजे बॅकअप रोज रात्री व्यवस्थित लिहिला जातोय आणि ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी उघडत नाही. कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट असला तरी हेच होतं. कोणताही ॲक्सेस शब्द न लावता पॅकेजपुरता ठेवला असेल तर चाइल्ड त्याच पॅकेजमध्ये असेल तरच चालतो. प्रोटेक्टेड ठेवा, वाद मिटतो. पॅरेंट ॲबस्ट्रॅक्ट असला तरी हे सगळं जसंच्या तसं लागू.

फायलीत नेमकं काय असतं

हे एकदा बाइट पातळीवर बघितलं की परत विसरत नाही. एकच ‘पुस्तक’ लिहिलेली फाईल घ्या आणि एक्सएक्सडीसारख्या कमांडने हेक्समध्ये उघडा. सुरुवात नेहमी एसी ईडी ०० ०५ अशी असते. पहिले दोन बाइट जावाच्या सिरियलायझेशनची खूण, पुढचे दोन आवृत्ती. मग ७३, म्हणजे इथे ऑब्जेक्ट सुरू. मग ७२, म्हणजे आता क्लासचं वर्णन. त्यानंतर दोन बाइटमध्ये नावाची लांबी. जावात क्लासचं नाव देवनागरीत ठेवता येतं, फक्त फायलीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘पुस्तक’मध्ये प, उकार, स, हलन्त, त, क अशी सहा चिन्हं, म्हणून अठरा बाइट, म्हणून लांबी ०० १२. पॅकेज असेल तर त्याचंही नाव यातच मोजलं जातं.

नावानंतर आठ बाइट सिरियलव्हर्जनयूआयडी. मग एक बाइट झेंडा: साध्या सिरियलायझेबलला ०२, क्लासने स्वतःची राइटऑब्जेक्ट मेथड लिहिली असेल तर ०३. मग फील्ड्सची संख्या, इथे ०० ०३. फील्ड्सचा क्रम तुमच्या सोर्समधला नसतो. आधी इंट, लाँग असे मूळ प्रकार, नंतर ऑब्जेक्ट, आणि त्यात नावानुसार. म्हणून पहिली येते किंमत: ४९ म्हणजे इंट, मग नावाची लांबी ०० ०एफ.

फील्ड्सची यादी संपली की ७८. तिच्या लगेच पुढचा बाइट आपल्या कामाचा. तुमच्या पहिल्या रचनेत तिथे ७० दिसेल, म्हणजे ‘वर सिरियलायझेबल पॅरेंट नाही’. ‘वस्तू’चं नाव फायलीत कुठेच सापडणार नाही. ‘वस्तू’ सिरियलायझेबल केल्यावर लिहिलेल्या फायलीत त्याच जागी ७२ येतं, पुढे ०० ०एफ आणि ‘वस्तू’चे पंधरा बाइट, मग तिचा स्वतःचा यूआयडी, स्वतःची फील्ड्स. हा एक बाइट बघितला की फाईल जुनी की नवी हे कोड न चालवता कळतं.

एक गंमत लक्षात ठेवा: क्लासांची वर्णनं खालून वर जातात, आधी ‘पुस्तक’, मग ‘वस्तू’. प्रत्यक्ष किंमती मात्र वरून खाली येतात, आधी ‘वस्तू’च्या, मग ‘पुस्तक’च्या. हा उलटा क्रम पुढे दुरुस्तीत उपयोगी पडतो.

पॅरेंटला हात लावता येत नसेल तर

‘वस्तू’ दुसऱ्याच्या लायब्ररीतून आली असेल, किंवा तिच्यात डेटाबेस कनेक्शनसारखं लिहिता न येणारं काही असेल, तर तिला सिरियलायझेबल करता येत नाही. मग तिच्या फील्ड्सची जबाबदारी ‘पुस्तक’ने घ्यायची. ‘पुस्तक’मध्ये राइटऑब्जेक्ट आणि रीडऑब्जेक्ट या दोन मेथड लिहा. राइटऑब्जेक्टमध्ये आधी डिफॉल्टराइटऑब्जेक्ट बोलवा, मग एक आवृत्ती क्रमांक इंट म्हणून लिहा, मग दाखलक्रमांक, मग शाखा. रीडऑब्जेक्टमध्ये आधी डिफॉल्टरीडऑब्जेक्ट, मग त्याच क्रमाने वाचा आणि सेटरने ‘वस्तू’त भरा. आवृत्ती क्रमांक आज निरुपयोगी वाटतो, पण उद्या तिसरं फील्ड वाढलं की त्याच्यावरच निर्णय घ्यायचा असतो.

या मेथड प्रायव्हेट असायलाच हव्यात, परतावा व्हॉइड, पॅरामीटर नेमका ऑब्जेक्टआउटपुटस्ट्रीम किंवा ऑब्जेक्टइनपुटस्ट्रीम. पब्लिक केल्या, स्पेलिंग चुकलं, पॅरामीटर वेगळा दिला तर जावा त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही आणि तक्रारही करत नाही. जावा १४ पासून ‘सिरियल’ नावाचं ॲनोटेशन आहे. ते लावा आणि कंपाइल करताना एक्सलिंटचा सिरियल पर्याय चालू ठेवा. नव्या कंपायलरला त्यामुळे मेथडची चुकीची सही (नाव, परतावा, पॅरामीटर) पकडता येते. ते जमत नसेल तर वर सांगितलेला झेंडा बघा: ०३ ऐवजी ०२ दिसला म्हणजे तुमची राइटऑब्जेक्ट कुणी बोलावलीच नाही.

या मेथड ओव्हरराइड होत नाहीत. ‘संदर्भग्रंथ’च्या राइटऑब्जेक्टमधून ‘पुस्तक’ची बोलवायची नसते, बोलवताही येत नाही. प्रत्येक पायरीची मेथड जावा स्वतः, वरून खाली, एकेकदा बोलावतो. म्हणून ‘वस्तू’ची फील्ड्स फक्त ‘पुस्तक’ने लिहावीत, ‘संदर्भग्रंथ’ने पुन्हा नाही.

शाखेसारखी स्ट्रिंग लिहायला राइटयूटीएफ सोपं वाटतं, पण त्यात दोन खोडे आहेत. नल दिला की नलपॉइंटरएक्सेप्शन. आणि मर्यादा ६५,५३५ बाइटची, अक्षरांची नाही. देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट म्हणजे २१,८४५ चिन्हं झाली की हद्द संपली. शाखेच्या नावाला ते भरपूर आहे. पुस्तकाचा परिचय किंवा अनुक्रमणिका साठवत असाल तर इंग्रजी मजकुरावर पास झालेली चाचणी मराठीवर नापास होईल. स्ट्रिंगसाठी राइटऑब्जेक्टच वापरा, नलही जातो आणि लांबीचाही प्रश्न नाही.

पॅरेंटची फील्ड्स फायनल असतील आणि सेटर नसतील तर ही वाट बंद. तेव्हा प्रॉक्सी वापरतात: ‘पुस्तक’मध्ये राइटरिप्लेस मेथड, जी स्वतःच्या जागी एक छोटा सिरियलायझेबल ऑब्जेक्ट देते, त्यात पाचही किंमती. त्या छोट्या क्लासमधली रीडरिझॉल्व्ह मेथड खऱ्या कन्स्ट्रक्टरने ‘पुस्तक’ बनवून परत देते. तपासण्या कन्स्ट्रक्टरमध्येच राहतात, त्यामुळे मला ही पद्धत एरवीही आवडते. इनहेरिटन्सचा फास मात्र इथेही आहे. राइटऑब्जेक्टसारखी राइटरिप्लेस आणि रीडरिझॉल्व्ह प्रायव्हेट असलीच पाहिजे असं नाही, आणि प्रोटेक्टेड ठेवली तर ती चाइल्डला वारशात मिळते. ‘पुस्तक’ची राइटरिप्लेस ‘संदर्भग्रंथ’ला लागू झाली तर ‘संदर्भग्रंथ’ लिहायचा आणि साधं ‘पुस्तक’ वाचायचं, मग कुठेतरी दूर क्लासकास्टएक्सेप्शन. ज्या क्लासला चाइल्ड आहेत तिथे ती प्रायव्हेट ठेवा आणि प्रत्येक चाइल्डला त्याची स्वतःची द्या.

पॅरेंटलाच सिरियलायझेबल केलं तर

तुम्ही हाच मार्ग घेतलात. पुढे लिहायच्या फायलींसाठी तो बरोबर आहे. जुन्या फायलींचं काय झालं ते बघू.

पहिली गोष्ट शाखेची. ‘वस्तू’ सिरियलायझेबल झाल्याबरोबर सिरियलायझेबल नसलेला पहिला पूर्वज बदलला. आता तो थेट जावाचा ऑब्जेक्ट क्लास. म्हणजे ‘वस्तू’चा कन्स्ट्रक्टर वाचताना चालतच नाही. जुन्या फायलीत ‘वस्तू’चं वर्णनही नाही, माहितीही नाही. परिणाम: शाखा नल. एका अर्थी ही सुधारणाच, कारण जे माहीत नव्हतं ते आता निदान माहीत नसल्यासारखं दिसतंय.

फायलीत या पायरीची माहितीच नाही, अशा वेळेसाठी जावाने तिसरी प्रायव्हेट मेथड दिलीय, रीडऑब्जेक्टनोडेटा, पॅरामीटर काहीच नाही. फारशी कुणी वापरत नाही, पण तुमचा प्रसंग हा अगदी तिच्यासाठीच आहे. ‘वस्तू’मध्ये ती लिहा आणि तिच्यात शाखा ‘अज्ञात’, दाखलक्रमांक उणे १ भरा. पुन्हा ‘रावपुरा’ भरायचा मोह होईल. भरू नका.

दुसरी गोष्ट शीर्षकाची, आणि ही जास्त फसवी. जावा फील्ड ओळखतो ते क्लास आणि नाव या जोडीने. जुन्या फायलीत आहे ‘पुस्तक’मधलं शीर्षक. नव्या कोडमध्ये ‘पुस्तक’ला शीर्षक नाही, म्हणून ती किंमत वाचून फेकून दिली जाते. नव्या ‘वस्तू’ला शीर्षक आहे, पण फायलीत ‘वस्तू’च नाही, म्हणून नल. फील्ड काढलं किंवा वाढवलं तरी वाचन अडत नाही, म्हणून एक्सेप्शन येत नाही. माणसाच्या दृष्टीने तुम्ही फील्ड हलवलं. जावाच्या दृष्टीने एक काढलं आणि दुसरं, योगायोगाने त्याच नावाचं, नवीन आणलं. आयडीईमधला, म्हणजे कोड लिहायच्या साधनातला, ‘पुल अप’ (फील्ड पॅरेंटमध्ये नेणं) हा पर्याय एका क्लिकमध्ये हे करतो आणि जुन्या फायलींबद्दल अवाक्षर काढत नाही.

सिरियलव्हर्जनयूआयडी तुम्ही हाताने १ दिला नसता तर इथे एक्सेप्शन आलं असतं, कारण न दिलेला यूआयडी जावा क्लासचं नाव, फील्ड्स, मेथड, कन्स्ट्रक्टर यांवरून मोजतो आणि काही बदललं की आकडा बदलतो. म्हणून यूआयडी देऊ नये असं मुळीच नाही. नाहीतर एक निरुपद्रवी पब्लिक मेथड वाढवली तरी सगळ्या जुन्या फायली बंद पडतात. फक्त हे समजून घ्या की आकडा तोच ठेवणं म्हणजे ‘जुन्या फायली मी सांभाळतो’ अशी सही आहे. यूआयडी वारशाने मिळत नाही. ‘वस्तू’, ‘पुस्तक’, ‘नियतकालिक’, प्रत्येकाला वेगळा द्यावा लागतो, आणि वाचताना प्रत्येक पायरीचा वेगळा तपासला जातो. पॅरेंटचा जुळला नाही तरी सगळं वाचन फसतं. आधी दिला नसेल आणि आता द्यायचा असेल तर १ देऊ नका. जेडीकेमधल्या सिरियलव्हर या कमांडने जुन्या क्लास फायलीवरून मोजलेला आकडा काढा आणि तोच द्या. एक्सेप्शनच्या संदेशातही स्ट्रीमचा आणि स्थानिक असे दोन्ही आकडे छापलेले असतात.

शीर्षक परत मिळवायचं ते असं. ‘पुस्तक’मध्ये रीडऑब्जेक्ट लिहा, पण त्यात डिफॉल्टरीडऑब्जेक्टऐवजी रीडफील्ड्स बोलवा. तुमच्या हाती येतो गेटफील्ड नावाचा ऑब्जेक्ट. त्यावर गेटऑब्जेक्टस्ट्रीमक्लास बोलावून या फायलीतल्या ‘पुस्तक’च्या वर्णनात शीर्षक नावाचं फील्ड आहे का ते आधी विचारा. ही पायरी गाळू नका. फायलीतही नाही आणि नव्या क्लासमध्येही नाही असं नाव मागितलं तर इल्लीगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन येतं, म्हणजे जुन्या फायली चालतील आणि नव्या फुटतील. असेल तर वाचा आणि ‘वस्तू’च्या सेटरने भरा. नसेल तर हात लावू नका. किंमती वरून खाली येतात, म्हणजे नव्या फायलीत ‘वस्तू’चं शीर्षक तोवर आधीच भरून झालेलं असतं. रीडफील्ड्स वापरल्यावर लेखक आणि किंमतही तुम्हालाच एकेक करून भरावे लागतात, डिफॉल्ट काम कुणी करत नाही. त्यामुळे ती दोन फील्ड्स फायनल ठेवता येणार नाहीत.

रीडऑब्जेक्टमधून ओव्हरराइड होऊ शकणारी मेथड बोलावू नका, सेटरसुद्धा फायनल करा. ‘वस्तू’च्या रीडऑब्जेक्टने एखादी मेथड बोलावली आणि ‘पुस्तक’ने ती ओव्हरराइड केलेली असेल, तर ती ‘पुस्तक’ची मेथड अशा क्षणी चालते जेव्हा ‘पुस्तक’ची फील्ड्स अजून रिकामी आहेत. लेखक नल, आणि स्टॅक ट्रेस बघून कारण काही केल्या समजत नाही.

क्लासचं नाव बदलण्याबद्दलही सांगून ठेवतो, कारण परिणाम वर आणि खाली वेगळा होतो. ‘पुस्तक’चं नाव बदललं तर जुनी फाईल वाचताना क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन, निदान कळतं तरी. पॅरेंटचं, म्हणजे ‘वस्तू’चं नाव बदललं तर जावाला ते एक पायरी काढली आणि दुसरी घातली असं दिसतं, आणि दोन्ही बदल त्याला चालतात. वरच्या पायरीच्या सगळ्या किंमती मुकाट्याने गळतात. फील्डचा प्रकार इंटचा लाँग केला तर मात्र इनव्हॅलिडक्लासएक्सेप्शन येतं.

‘वस्तू’ सिरियलायझेबल झाल्यामुळे तिचे बाकीचे चाइल्डही तसे झाले, हे विसरू नका. एखाद्यात सॉकेट किंवा लॉगर असेल तर आता नॉटसिरियलायझेबलएक्सेप्शन सुरू होतील. त्या संदेशात फक्त दोषी क्लासचं नाव असतं, तो कुठल्या फील्डमधून आला ते नाही. जावा चालवताना सन डॉट आयओ डॉट सिरियलायझेशन डॉट एक्सटेंडेडडीबगइन्फो ही प्रॉपर्टी ट्रू केली की वरपासून खालपर्यंतचा सगळा माग छापला जातो. एखाद्या चाइल्डला मुद्दाम बाहेर ठेवायचं असेल तर त्याच्या राइटऑब्जेक्ट आणि रीडऑब्जेक्टमधून नॉटसिरियलायझेबलएक्सेप्शन फेका.

फाईल बाहेरून येत असेल, म्हणजे शाखेतून मेलने किंवा पेनड्राइव्हवर, तर जावा ९ पासून आलेला इनपुट फिल्टर लावल्याशिवाय वाचू नका. सिरियलायझेशनच्या फायलीतून नको ते कोड चालवून घेणं ही जुनी आणि सिद्ध झालेली वाट आहे. फिल्टरमध्येही उतरंड आडवी येते. फायलीत वर्णन असलेला प्रत्येक क्लास तपासला जातो, पॅरेंटसुद्धा. ‘पुस्तक’ला परवानगी दिली आणि शेवटी ‘बाकी सगळं बंद’ लिहिलं, तर ‘वस्तू’वर अडतं. इंटिजर ऑब्जेक्ट साठवत असाल तर त्याचा पॅरेंट नंबर हाही यादीत हवा, आणि यादी साठवत असाल तर अ‍ॅरेलिस्ट.

मूळ जावा सिरियलायझेशन वर्षानुवर्षं टिकवायच्या नोंदींसाठी वापरू नये असंच मी सांगेन. जावा १.१ मध्ये, म्हणजे १९९७ साली, ते आलं तेव्हा ऑब्जेक्ट एका यंत्रातून दुसऱ्यात पाठवणं हे मुख्य काम होतं. वाचनालयाच्या नोंदी क्लासच्या रचनेला बांधून ठेवणं मला पटत नाही. ज्या शहरात सयाजीरावांनी १९१० साली मध्यवर्ती ग्रंथालय सुरू केलं तिथे दाखल नोंदवहीचं आयुष्य किती असतं हे वेगळं सांगायला नको. डेटाबेस ठेवा, किंवा जेसन, म्हणजे साध्या मजकुरातला फॉरमॅट.

जेसनमध्ये प्रश्न उलटा असतो. जॅक्सनसारखी लायब्ररी गेटरवरून चालते, त्यामुळे पॅरेंटची फील्ड्स सहज लिहिली जातात. हरवतो तो ऑब्जेक्टचा प्रकार. ‘वस्तू’ची यादी लिहिली की वाचताना लायब्ररीला कळत नाही की हे ‘पुस्तक’ की ‘नियतकालिक’. त्यासाठी ‘वस्तू’वर जेसनटाइपइन्फो आणि जेसनसबटाइप्स ही ॲनोटेशन लावा आणि प्रत्येक चाइल्डला छोटं नाव द्या, पूर्ण क्लासनाव नको. क्लासनाव लिहिलं तर नाव बदलण्याचा तोच त्रास, शिवाय सुरक्षेचाही. आणि नुसती यादी थेट लिहिताना जेनेरिक प्रकार, म्हणजे ही यादी कोणत्या क्लासची आहे ही माहिती, पुसला जातो, टाइपची खूण लिहिलीच जात नाही. रायटरफॉरला टाइपरेफरन्स देऊन लिहा.

आता तुमच्या हातातल्या कामाचा क्रम. जुन्या फायलींची प्रत काढून वेगळी ठेवा, आणि पहिल्या रचनेची जार फाईलही (कंपाइल केलेल्या क्लासांचं गाठोडं) शोधून ठेवा. ती सापडली तर वर सांगितलेलं रीडफील्ड्सचं सगळं टाळता येईल: जुन्या जारने जुनी फाईल वाचायची, शीर्षक, लेखक, किंमत साध्या मजकुरात काढायची आणि नव्या कोडने भरायची. जार नसेल तर रीडऑब्जेक्ट लिहा, सोबत ‘वस्तू’त रीडऑब्जेक्टनोडेटा.

दाखलक्रमांक आणि शाखा मात्र जुन्या फायलींतून कुठल्याही युक्तीने मिळणार नाहीत, कारण ते तिथे लिहिलेच गेले नव्हते. ते कागदी दाखल नोंदवहीतून भरावे लागतील. शीर्षक आणि लेखक जुळवून बरीच पुस्तकं आपोआप लागतील. एकाच पुस्तकाच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या शाखांत असतील तिथे प्रोग्रॅमला ठरवता येणार नाही, त्या वेगळ्या यादीत काढा आणि ग्रंथपालांना प्रत्यक्ष प्रत बघून क्रमांक लिहायला सांगा.

चाचणी एकच, पण ती बिल्डमध्ये कायम ठेवा: एक ‘पुस्तक’ बनवा, प्रत्येक फील्डमध्ये डिफॉल्टपेक्षा वेगळी किंमत भरा, लिहा, वाचा, पाचही फील्ड्स ताडून बघा. दुसरी फाईल जुन्या रचनेने लिहिलेली, रिपॉझिटरीतच ठेवलेली, तीही दर वेळी वाचली गेली पाहिजे. चाचणीतल्या पुस्तकाची शाखा मांजलपूर ठेवा, रावपुरा ठेवलीत तर शाखेची तपासणी मूळ चूक असतानाही पास होईल.